'प्रोजेक्ट मॅनेजर'ची डिग्री आणि आमचे टेकू

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या शिक्षण पुरवणीत 'बारावीनंतर काय?' या पानावर वीस-बावीस करिअरची एक चौकट होती. त्यात 'प्रोजेक्ट मॅनेजर'समोर लिहिलं होतं : बीबीए किंवा एमबीए, प्रोजेक्ट मॅनेजमेंट. बस्स, एवढंच. माझ्या भावानं त्या चौकटीचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, बघ. पेपरातपण आलंय." म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. कात्री आपल्या हातात आहेच.

भावाचं कराडजवळ गुऱ्हाळ आहे. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, यंदा बारावी सायन्स झाला. सीईटीला ७८ पर्सेंटाइल. म्हणजे सांगलीचं वालचंद विसरायचं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंगही अवघडच. अशा घरात जून महिना कसा जातो ते ज्यांच्याकडे बारावीचं पोर आहे त्यांना सांगायला नको. त्यातच पुण्यातल्या एका खासगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक भावाच्या हाती पडलं. 'बीबीए इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट', तीन वर्षं, लॅपटॉप फुकट, शिवाय पीएमपी या प्रमाणपत्राच्या परीक्षेची तयारी. मुखपृष्ठावर पिवळं हेल्मेट घातलेला मुलगा आणि मागं क्रेन. भावाचं म्हणणं सरळ होतं. "अगं ताई, तू एवढी वर्षं उन्हात काढलीस. पोरगं डायरेक्ट मॅनेजर होईल, एसीत बसंल. वाईट काय त्यात?"

वाईट काही नाही. मी फक्त त्या फोटोतलं हेल्मेट बघत होते. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

मी स्वतः याच कामात आहे. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून १९९६ साली सिव्हिलचा डिप्लोमा केला, सुपरवायझर म्हणून साइटवर लागले, मग बिलिंग, मग प्लॅनिंग. आज पुण्यात एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगचा विभाग सांभाळते. त्यामुळे भाच्याला घेऊन मीच त्या संस्थेत गेले. समुपदेशक मुलगी चुणचुणीत होती, तिचा काही दोष नाही, ती पगारी माणूस. मी विचारलं, "तिसऱ्या वर्षापर्यंत मुलं साइटवर किती दिवस असतात?" म्हणाली, "मॅम, इंडस्ट्री व्हिजिट आहे ना, दर सेमिस्टरला एक." एक म्हणजे एक दिवस. "बिलाची मोजमापं घेतात का? मेजरमेंट बुक हातात मिळतं?" तर म्हणाली, "आपल्याकडे सिम्युलेशन लॅब आहे." लॅब दाखवली. टेबलावर प्लॅस्टिकचे ठोकळे होते, चार-चार मुलांचे गट ठरलेल्या वेळात त्यांचा पूल बांधतात. भाच्याला लॅब आवडली. खोटं कशाला बोलू, मलाही बसून एक पूल बांधावासा वाटला. फी ऐकल्यावर मात्र भाच्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं मनातल्या मनात बापाच्या गुळाच्या किती ढेपा मोजल्या असतील!

मग मी पीएमपीचं विचारलं. हे प्रमाणपत्र अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट देते. संस्था १९६९ ची, प्रमाणपत्र १९८४ पासूनचं. जगभर त्याला मान आहे, आमच्याकडेही आहे. पण परीक्षेला बसायचं तर चार वर्षांच्या पदवीनंतर प्रत्यक्ष प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, वर ३५ तासांचं प्रशिक्षण. पदवी नसून नुसती बारावी असेल तर तोच अनुभव ६० महिन्यांचा. पुन्हा वाचा. म्हणजे या विषयातली जगातली सगळ्यात नावाजलेली संस्था पदवीची किंमत धरते दोन वर्षं, आणि त्यानंतरही तीन वर्षं काम करून या म्हणते. एकवीस वर्षांच्या मुलाला 'पीएमपीची तयारी' विकणं म्हणजे मुंज झाल्या-झाल्या लग्नाचा हॉल बुक करणं. नवख्यांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम नावाची धाकटी परीक्षा आहे, ती बारावीनंतर २३ तासांच्या प्रशिक्षणावर देता येते. तिचा उल्लेख माहितीपत्रकात कुठंच नव्हता. मी हे म्हटल्यावर त्या मुलीनं चहा मागवला.

आता माझ्याच एका फजितीबद्दल लिहिते, कारण मुद्दा त्यातूनच कळेल.

२००४ साल. मला नुकतंच साइटवरून उचलून प्लॅनिंगच्या टेबलावर बसवलं होतं. अकरा स्लॅबची इमारत. मी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर शिकले होते, आणि नवीन शिकलेल्या माणसाला जो माज असतो तो होताच. आठ दिवसाला एक स्लॅब असा बार चार्ट केला. ८८ दिवसांत सांगाडा उभा. निळ्या-तांबड्या पट्ट्या, मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट, साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीवर. एक प्रत साइट ऑफिसात लावायला घेऊन गेले. तिथं सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी खाली टेकू आणि प्लेटांचा साचा उभारणाऱ्यांचे, मुकादम उभे होते. लातूरकडचे, वय पन्नाशीच्या पुढं, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला. मग खाली पडलेला विटेचा तुकडा उचलला आणि शेजारच्या कॉलमवर तीन आडव्या रेघा मारल्या.

"म्याडम, ह्यो पयला स्लॅब, ह्यो दुसरा, ह्यो तिसरा. पयल्याचं टेकू चवदा दिवस हालवायचं न्हाईत, बराबर? तुमच्या कागदात सोळाव्या दिशी तिसरा पडतुया. मंग तिसऱ्याचं सेंट्रिंग धाव्या दिशी लावाय पायजे. टेकू कुठनं आणू? खालचं काडू?"

आमच्याकडे टेकू आणि प्लेटांचे दोन सेट होते. दोनच. यार्डात जाऊन ते मोजणं मला सुचलं नव्हतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्वच्छ लिहिलंय : दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरहून जास्त असलेल्या स्लॅबखालचे टेकू १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचेही १४, त्याहून लांब बीम असेल तर २१. डिप्लोमाच्या परीक्षेत हे लिहून मी गुणसुद्धा घेतले होते. आता हिशेब बघा. चौदाव्या दिवशी खालचे टेकू सुटणार, ते दोन मजले वर चढवायचे, प्लेटा लावायच्या, सळई बांधायची, विजेचे पाइप टाकायचे, तपासणी करून घ्यायची, यात सात-आठ दिवस. म्हणजे दोन स्लॅबना बावीस दिवस, एकाला अकरा. अकरा स्लॅबना १२१. तेहेतीस दिवसांची थाप मी रंगीत छापून भिंतीवर लावली होती, आणि कॉम्प्युटरनं एका अक्षरानं हरकत घेतली नव्हती. त्याला मी टेकूंबद्दल काही सांगितलंच नव्हतं, तो बिचारा कशाला घेईल. पुढं तिसरा सेट भाड्यानं आणला, आणि त्याच्या भाड्यावरून मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं छापण्यासारखं नाही.

हे सांगण्याचं कारण असं की मुकादमांनी रेघा मारल्यावर मला चूक कळायला दोन मिनिटं पुरली. का पुरली? मी काँक्रीटच्या नमुन्याचे क्यूब भरले होते, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते मशिनखाली फोडून आकडे लिहिले होते. काँक्रीट ताकद कशी धरत जातं हे हाताला माहीत होतं. ठोकळ्यांचा पूल बांधून आलेल्या मुलाला त्या तीन रेघा विटेनं मारलेल्या रेघाच दिसल्या असत्या. त्याहून वाईट, त्यानं मुकादमांना म्हटलं असतं, "काढा खालचे." आणि मुकादम नवे, भिडस्त असते तर काढलेही असते.

बार चार्ट, क्रिटिकल पाथ ही सगळी हत्यारं ज्यांनी घडवली ती माणसंसुद्धा मूळची कुठल्या ना कुठल्या धंद्यातलीच होती. ज्यांच्या नावानं बार चार्ट ओळखला जातो ते हेन्री गँट मेकॅनिकल इंजिनिअर. क्रिटिकल पाथची, म्हणजे कोणतं काम लांबलं तर सगळाच प्रकल्प लांबतो ते शोधायची, पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट या रसायनांच्या कंपनीतल्या मॉर्गन वॉकर यांनी रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली या गणितज्ञाला बरोबर घेऊन बसवली, ती कारखान्यांची बांधणी आणि दुरुस्ती लवकर उरकावी म्हणून. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर कोकण रेल्वेचे श्रीधरन. काकीनाड्याच्या सरकारी कॉलेजातून सिव्हिल. आणि आम्हा कराडकरांना तर लांब जायलाच नको. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या शिवसागर जलाशयात लेक टॅपिंग झालं. खालून बोगदा खणत जलाशयाच्या तळापर्यंत जायचं, मध्ये खडकाचं एक बूच ठेवायचं आणि शेवटी ते स्फोटानं उडवायचं. बूच एकदाच उडतं, तालीम नाही. त्या दिवसाचं वेळापत्रक खडक ओळखणाऱ्यांनीच करायचं असतं.

बरं, हे सगळं भावनेचं झालं असं कुणी म्हणेल. कागदाचं सांगते. मोठ्या सरकारी कामाच्या निविदेत 'की पर्सोनेल'चं, म्हणजे मुख्य माणसांचं, एक परिशिष्ट असतं. कंत्राटदारानं साइटवर कोणती माणसं ठेवायची, त्यांचं शिक्षण काय, अनुभव किती वर्षांचा. रस्ते, पूल, मेट्रो, पाणीपुरवठा, कुठलीही मोठी निविदा उघडा. प्रोजेक्ट मॅनेजरसमोर बहुधा सिव्हिलची पदवी आणि पुढं वर्षांचा आकडा, तोही बऱ्याचदा दोन अंकी. त्या रकान्यात बीबीए बसत नाही. माणूस कितीही हुशार असो, त्याचं नाव आम्ही निविदेत टाकूच शकत नाही. ज्याचं नाव टाकता येत नाही त्याला त्या खुर्चीवर बसवायचं कसं? हे परिशिष्ट कुठल्याच समुपदेशकानं भावाला दाखवलं नव्हतं.

आणि म्हणूनच 'डिग्रीला काय अर्थ आहे, अनुभव महत्त्वाचा' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांतलीही मी नाही. त्या रकान्यानं मला स्वतःला पोळलंय. एका कंपनीत (नाव कशाला, अजून संबंध आहेत) सात वर्षं काम केल्यावर एका पुलाच्या कामावर मला घेणार असं जवळजवळ ठरलं होतं. ऐन वेळी माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा गेला, कारण त्याच्याकडे बी.ई. होती आणि माझ्याकडे डिप्लोमा. साहेब म्हणाले, "तुम्हीच खरं काम करणार, कागदावर फक्त तो." फक्त! पगारही कागदावरच्यालाच मिळतो. त्यानंतर मी ए.एम.आय.ई.ला बसले, नोकरी सांभाळून देता येणारी आणि तेव्हा पदवीच्या बरोबरीची धरली जाणारी ही परीक्षा. मुलगी दोन वर्षांची, दिवसा साइट, रात्री साडेनऊनंतर पुस्तक. सेक्शन ए आणि बी हे तिचे दोन भाग पुरे करायला पाच वर्षं लागली. आता ती वाटही राहिली नाही, मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. डिप्लोमावाल्या मुलांनी म्हणूनच थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जावं, नोकरीच्या घाईनं ते टाळू नये. माझ्यासारखं झगडत बसू नये.

घरात या विषयावर मला विरोधक आहे. आमचे हे हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, पद प्रोजेक्ट मॅनेजर. शिक्षण बी.एस्सी. फिजिक्स, मग एम.सी.ए. त्यांचं म्हणणं, "तुझं ते सिमेंटचं जग वेगळं. आमच्यात कुणी कुणाची डिग्री बघत नाही." त्यांच्या टीममध्ये सिव्हिलवाले आहेत, बी.कॉम.वाले आहेत, मराठी साहित्यात एम.ए. केलेली एक टेस्टरही आहे, आणि तिचं काम सगळ्यांत चोख असं तेच सांगतात. हे मला मान्य आहे. पण मी त्यांना विचारलं, मॅनेजर व्हायच्या आधी तुम्ही काय करत होता? तर आठ वर्षं कोड लिहीत होते. मग झालं की! मुलं 'दोन दिवसांत होईल सर' म्हणतात तेव्हा ते दोनाचे पाच धरतात, कारण स्वतः अशी दोन दिवसांची आश्वासनं शेकड्यांनी दिली आहेत. त्यांना आकडा ओळखता येतो तो तिथून. यावर ते म्हणाले, "मग ते डिग्रीमुळे नाही ना." नाही. पण ती आठ वर्षं ज्या दारातून आत जाऊन काढली, ते दार एम.सी.ए.नं उघडलं. वाद इथं थांबला, भाजी करपत होती.

औषध कंपन्यांत चाचण्यांचे प्रकल्प चालवणारे फार्मसीतून आलेले असतात. कारखाने उभारणारे मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलवाले. त्या क्षेत्रांबद्दल माझं ज्ञान ऐकीव, म्हणून जास्त बोलत नाही.

कॉमर्सच्या मुलांनी मात्र हे पत्र वाचून खट्टू होऊ नये. आमच्याकडे खर्चावर नजर ठेवणारे गृहस्थ बी.कॉम. आहेत. अकाउंट्समध्ये लागले, पण बिलं पास करताना दर वेळी प्रश्न विचारायचे, 'ही सळई गेली कुठं?' म्हणून साइटवर यायचे. आज स्टीलची नासाडी टक्क्यांत सांगतात आणि इंजिनिअर त्यांना घाबरतात. शिवाय आमच्या कामाचा अर्धा भाग पत्रव्यवहाराचा असतो. पावसानं काम बंद पडलं तर त्याच दिवशी अडथळ्यांच्या नोंदवहीत तसं लिहून समोरच्या इंजिनिअरची सही घ्यायची. ती सही नसेल तर वर्षभरानं मुदतवाढ मागताना तुमचा पाऊस पडलेलाच नसतो, आणि दंड मात्र बिलातून कापला जातो. ही सही घ्यायला डिग्री लागत नाही, चिकाटी लागते. गोड बोलणंही लागतं.

मॅनेजमेंट शिकूच नये असंही मी म्हणत नाही. शिकावं, पण आधी काही तरी बांधून झाल्यावर. बालेवाडीला निकमार आहे, १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापन शिकवते. पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंगच्या संस्थांत याच विषयात एम.टेक. आहे. एमबीए तर गल्लोगल्ली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत दोन-तीन वर्षं साइट करून मग हे शिकलेला कोण आणि पदवीनंतर सरळ गेलेला कोण, ते पहिल्या आठवड्यात कळतं. पहिला वेळापत्रक करण्याआधी विचारतो, टॉवर क्रेन एक आहे की दोन. दुसरा विचारतो, टेम्प्लेट कुठलं वापरू.

तर भाचा. त्या संस्थेतून परत येताना तो गप्प होता. मी त्याला म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी दहा दिवस माझ्याबरोबर चल. जून असल्यानं चिखल भरपूर, हे जाणूनबुजून केलं. पहिले दोन दिवस त्याला टेपचं दुसरं टोक धरायला दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री स्लॅब होता, काँक्रीट आणणारी गाडी, ट्रान्झिट मिक्सर, वाटेत अडकली आणि दीड तास पंप तसाच उभा राहिला. सगळे एकमेकांवर ओरडत होते. सकाळी त्यानं मला विचारलं, "आत्या, पहिल्या गाडीतलं काँक्रीट आणि दीड तासानंतरचं, मधे जोड राहिला असेल ना? तो आता कुणाला दिसणार?" मी त्याला क्वालिटीच्या इंजिनिअरकडे पाठवलं. दुपारी जेवायलासुद्धा आला नाही.

भावाला मी काय सांगितलं ते सांगते. पोराला काँक्रीटचं कुतूहल असेल तर मिळेल त्या कॉलेजात सिव्हिल घे, सगळे कॉम्प्युटरच्या मागे असल्यानं सिव्हिलच्या जागा कित्येक ठिकाणी रिकाम्या राहतात. चिखल नको वाटला तर बी.एस्सी. कर, बी.कॉम. कर, बीबीएसुद्धा कर, पण साधं बीबीए, सरकारी सीईटी देऊन, कमी फीच्या कॉलेजात. २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे. नावातल्या 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' या दोन शब्दांसाठी जादा पैसे देऊ नकोस. भाऊ म्हणाला, "म्हणजे उन्हातच जायचं." मी म्हटलं, तुझ्या गुऱ्हाळात उकळत्या रसाची काहिल कधी उतरवायची ते गुळव्या ठरवतो की माहितीपत्रक? त्यावर तो हसला, पण पटलं असं काही म्हणाला नाही.

आपल्याला विनंती इतकीच की पुढच्या पुरवणीत त्या चौकटीची एक ओळ वाढवावी. राज्य सरकारच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर निविदा कुणालाही उघडून पाहता येतात. एखाद्या पुलाची, एखाद्या पाणी योजनेची उघडावी आणि प्रोजेक्ट मॅनेजरच्या शिक्षणाचा रकाना जसाच्या तसा छापावा. आमच्या भावासारखे पालक पेपरात आलेलं खरं मानतात, म्हणून सांगते. प्रवेशासाठी कॉलेजांचे पर्याय भरायच्या अर्जाची मुदत गुरुवारी संपते, त्याआधी छापता आलं तर फारच बरं.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी वाचक,
पुणे (मूळ कराड)

(नाव छापू नये ही विनंती. साहेब आपला पेपर रोज वाचतात.)